कट-ऑफचे आकडे आपल्या हाती देणारा चार्ज कंट्रोलर

सोलर चार्ज कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) घेताना लोक आधी अँपिअर बघतात. मी आधी हे बघतो, की व्होल्टेज संरक्षणाचे आकडे तो मला बदलू देतो का, आणि कुठवर. सध्या वापरात असलेला हा 40 अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर त्या कसोटीवर चांगला उतरला आहे.

कारखान्यातून तो लेड-ॲसिडच्या सेटिंगवर येतो. लो कट-ऑफ, म्हणजे बॅटरी जिथवर उतरली की लोड (जोडलेली उपकरणं) तोडला जातो तो आकडा, 11.1 व्होल्ट. माझी बॅटरी चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट. तिच्यासाठी 11.1 म्हणजे सेलमागे 2.8 व्होल्टसुद्धा नाही, बॅटरी जवळजवळ रिकामी. एखादा सेल कमकुवत असेल तर त्याआधीच बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) बॅटरी तोडतो. बीएमएस ही शेवटची भिंत आहे, रोज तिच्यावर जाऊन आदळायचं नसतं. म्हणून 'युजर' प्रकार निवडून मी कट-ऑफ 12.0 वर आणला.

खरी किंमत आहे ती रिकनेक्टच्या, म्हणजे लोड पुन्हा जोडण्याच्या, वेगळ्या आकड्याला. लोड सुटला की कोणतीही बॅटरी आपोआप थोडी वर येते. 12.0 ला तुटलेली लिथियम काही मिनिटांत 12.6 च्या आसपास दिसू शकते. रिकनेक्ट 12.4 ठेवलं, तर लोड पुन्हा चालू, पुन्हा बंद, आणि रिले रात्रभर टकटकत राहील. मी 13.1 ठेवलंय, म्हणजे ऊन येऊन चार्जिंग सुरू झाल्याशिवाय लोड चालू होत नाही. कट-ऑफला काही सेकंदांचा विलंबही देता येतो. पंप किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं, तेवढ्यासाठी सगळं बंद पडत नाही. ही सोय मला फार आवडली.

वरच्या बाजूला बूस्ट (मुख्य चार्जिंगचं व्होल्टेज) 14.2, फ्लोट (बॅटरी भरल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज) 13.5 आणि ओव्हर-व्होल्टेज (जादा व्होल्टेजला बंद होण्याची हद्द) 14.6. तापमान भरपाई (थंडीत चार्जिंगचं व्होल्टेज आपोआप वाढवणं) शून्य केली, आणि लिथियमवाल्यांनी ती करायलाच हवी. लेड-ॲसिडसाठी ती दर अंशाला 18 मिलिव्होल्ट असते. 25 अंशांवरून पारा 5 वर आला की 14.4 चे 14.76 होतात, म्हणजे लिथियमची 14.6 ची हद्द ओलांडली. इक्वलायझेशन (लेड-ॲसिडचे सेल समान करायला अधूनमधून दिलेलं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) मात्र सरळ बंद करता येत नाही. त्याचा कालावधी शून्य करायचा आणि आकडा बूस्टइतका ठेवायचा.

आता तक्रार. आकड्यांची उतरंड पाळावीच लागते: ओव्हर-व्होल्टेज सर्वांत वर, खाली चार्जिंग मर्यादा, मग इक्वलायझेशन, बूस्ट, फ्लोट, आणि रिकनेक्ट नेहमी कट-ऑफच्या वर. नियम योग्यच आहे. पण एक आकडा जरी क्रम मोडत असला तरी ॲप सगळंच नाकारतं, आणि कुठे अडलं ते सांगत नाही. नुसतं 'अमान्य मूल्य'. नवख्या माणसाने अशा वेळी कंटाळून लेड-ॲसिडच्या सेटिंगवरच परत जाणं साहजिक आहे, आणि तेच धोक्याचं आहे.

दुसरी उणीव म्हणजे व्होल्टेज मोजायला बॅटरीपर्यंत जाणारी वेगळी सेन्स वायर नाही. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो. येण्याजाण्याच्या वायरीत 10 मिलिओहम असतील तर 20 अँपिअरला 0.2 व्होल्टची घट होते. लोड चालू असताना तो 12.0 म्हणतो तेव्हा बॅटरी 12.2 वर असते. वायर जाड आणि आखूड ठेवा, आणि भार चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावूनच कट-ऑफ ठरवा.

पॅनेलकडची 100 व्होल्टची मर्यादा हार्डवेअरची आहे, तिथे सेटिंगचा प्रश्नच नाही. फक्त ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच न जोडलेल्या पॅनेलचं) थंडीत अंशामागे साधारण 0.3 टक्के वाढतं, हे धरून पॅनेल जोडा.

एक सुधारणा पुढच्या आवृत्तीत हवीच. बॅटरीचा प्रकार बदलला की युजरचे सगळे आकडे पुसले जातात, आणि दोन बटणं दाबून कुणीही तो बदलू शकतो. तिथे पासवर्ड द्या. तोवर माझे आकडे कंट्रोलरच्या बाजूला कागदावर लिहून चिकटवले आहेत.