राजगड की तोरणा: गडाची बांधणी पाहायची असेल तर कुठे जाल?

पुण्याहून एकच दिवस मोकळा आहे आणि डोंगरी किल्ला कसा बांधतात हे बघायचंय, तर निवड या दोघांतच करावी लागते. सिंहगड जवळ आहे, गाडी थेट वर जाते; बरोबर वयस्कर मंडळी असतील तर तोच बरा. पण तिथे पिठलं-भाकरीच्या गर्दीतून तट शोधावा लागतो.

दोन्ही गडांचा रस्ता बराचसा एकच. सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला वळायचं, मार्गासनीपर्यंत जायचं. पुढे राजगडासाठी गुंजवणे किंवा पाली, तोरण्यासाठी वेल्हे. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तालुक्याचं गाव अजून तोरण्याच्याच पायथ्याशी आहे!)

तोरणा १४०३ मीटर, राजगड १३७६. हा फरक पायांना जाणवत नाही. खरा फरक बांधणीत आहे. तोरण्याचं निम्मं काम कड्यांनीच केलंय. जिथे कडा तुटतो तिथेच तट घातला, बिनी दरवाजा आणि कोठी दरवाजा एकामागोमाग ठेवले आणि झुंजार व बुधला या दोन माच्या (माथ्याखालचे लांबट सपाट भाग) बांधून घेतल्या. महाराजांनी घेतला तेव्हा हा गड आधीच उभा होता. राजगडाचं तसं नाही. मुरुंबदेवाच्या डोंगराला आखणी करून गडाचं रूप दिलं गेलं. मध्ये बालेकिल्ला, म्हणजे सगळ्यात उंचावरचा आतला किल्ला, आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, प्रत्येकीला स्वतःची तटबंदी. एक माची पडली तरी बाकीचा गड लढता राहतो. सुमारे पंचवीस वर्षं राजधानी इथे होती. १६६५च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, पण राजगड आणि तोरणा दोन्ही महाराजांकडेच राहिले.

बांधणीच्या दृष्टीने राजगडावर सगळ्यात मोलाची जागा संजीवनी माची. इथे तट दुहेरी आहे आणि दोन भिंतींच्या मध्ये अरुंद, खोल नाळ सोडली आहे. आतल्या तटातून नाळेत उतरायला दगडी जिने आहेत, तेही इतके चिंचोळे की एकच माणूस वाकून जाईल. बुरुजांचीही तीच तऱ्हा: आत एक बुरुज, त्याला वेढून बाहेर दुसरी भिंत. याला चिलखती बुरुज म्हणतात. बाहेरची भिंत तोफेने ढासळली तरी आतला बुरुज शाबूत, आणि भगदाडातून आत घुसलेला शत्रू नाळेत सापडतो, डोक्यावर आतले बंदूकवाले. बरोबर विजेरी ठेवा. जिन्यात भर दुपारीही अंधार असतो.

घोळ नेमका इथेच होतो. बहुतेक जण गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढतात, पद्मावती तळ्यापाशी बसतात, मग बालेकिल्ल्याचा उभा चढ करतात आणि दमून परततात. संजीवनी राहूनच जाते! क्रम उलटा लावा: आधी संजीवनी, मग सुवेळा आणि तिथलं नेढं (कातळातलं आरपार भोक), पाय शिल्लक असतील तर बालेकिल्ला. संजीवनीच्या टोकापर्यंत जाऊन यायला पद्मावतीपासून दोन तास धरा. वर जायला पाली दरवाज्याची बांधीव वाट सोपी. चोर दरवाज्याकडे शेवटी कातळ आणि रेलिंग आहे, गर्दीत तिथे रांग लागते.

तोरणा निवडायचा तो कड्यांसाठी, एकांतासाठी. वेल्ह्यातून अडीच-तीन तासांची चढण बरीचशी उघड्या सोंडेवरून आहे, सावली जवळजवळ नाही. दहानंतर निघालात तर दरवाज्यापर्यंत पोहोचण्याआधीच जवळचं पाणी संपेल. माणशी तीन लिटर घ्या. झुंजार माचीवर उतरताना शिडी लागते, उंचीची भीती असणाऱ्यांनी मेंगाई देवीच्या देवळापाशीच थांबावं.

दोन्हीकडे जुलै-ऑगस्टात जाल तर धुकं बघून याल, वर कातळावर शेवाळ. सप्टेंबरात फुलं असतात, पण वाढलेल्या गवतात संजीवनीची नाळ दिसतच नाही. गवत वाळून बसल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे, तोरणा नाही, त्यामुळे राजगडावर रविवार टाळलेला बरा. आग्या माश्यांची पोळी कड्यांना असतात, अत्तर लावून किंवा सिगारेट ओढत त्यांच्याखालून जाऊ नका.