इअरप्लग, हेडफोन आणि साउंड जनरेटर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांना घाईत उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. मला हायपरॅक्युसिस, म्हणजे रोजचे साधे आवाजही असह्य वाटण्याचा त्रास आहे. त्यासाठी अकरा महिन्यांत मी चार वस्तू वापरल्या: फोमचे इअरप्लग, आवाज कापणारे हेडफोन, फिल्टरचे इअरप्लग आणि कानामागे लावायचा साउंड जनरेटर. पहिल्या तिघांनी आवाज कमी केला, चौथ्याने उलट कानात आवाज सोडला. आज मी घरात कानात काहीही न घालता जेवायला बसते, ती या चौथ्यामुळे. मी घेतलेल्या वस्तूंच्या कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. कानाची नळी प्रत्येकाची वेगळी असते, मला नीट बसलेलं दुसऱ्याला टोचेल.

माझा त्रास सुरू झाला तो चेहऱ्यापासून. एका सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूने गळायला लागलं, उजवा डोळा मिटेना. बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा. त्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर चमचा ताटलीला लागला आणि तो आवाज उजव्या कानातून थेट मस्तकात गेला. मला वाटलं भीतीमुळे होतंय. नंतर डॉक्टरांनी कारण सांगितलं. चेहऱ्याच्या नसेचा एक बारीक फाटा मधल्या कानातल्या स्टेपीडियस या स्नायूला जातो. हा शरीरातला सगळ्यात लहान कंकालस्नायू, जेमतेम सहा मिलिमीटरचा. मोठा आवाज आला की तो रिकिबीसारख्या इवल्या हाडाला मागे ओढून धरतो आणि आत जाणारा आवाज, विशेषतः खालच्या सुरांचा, थोडा कमी करतो. नस बंद पडली की ही ओढ सुटते.

दोन महिन्यांत चेहरा जवळपास पूर्ववत झाला. कान झाला नाही. उलट ज्याला काहीच झालं नव्हतं तो डावा कानही तसाच वागू लागला. का, ते कळायला मला आणखी दोन महिने लागले, आणि त्याचं उत्तर माझ्या पहिल्या खरेदीतच होतं.

फोमचे प्लग मी पहिल्याच आठवड्यात आणले आणि दोन्ही कानांत घातले. ते नीट घालायची पद्धत आहे: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फोम फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. अर्धवट बाहेर राहिले तर निम्मा उपयोगही होत नाही. नीट बसले की मात्र जग लांब जातं. पहिल्या दिवशी मी अक्षरशः रडले, इतकं बरं वाटलं.

त्रास हळूहळू लक्षात आला. फोम वरच्या पट्टीतले आवाज जास्त खातो आणि खालचे कमी. बोलण्यातले स्वर खाली असतात. स, श, त, क ही व्यंजनं वर असतात. त्यामुळे माणसाचा आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. नवरा काहीतरी म्हणाला हे कळायचं, काय म्हणाला ते तीनदा विचारावं लागायचं. शिवाय नळी बंद झाली की हाडांमधून येणारा स्वतःचाच आवाज आत कोंडतो. चावणं, गिळणं, टाच टेकणं, सगळं डोक्यात घुमतं. मी जेवायचे तेव्हा मला फक्त मीच ऐकू यायचे. तरीही ते काढायची हिंमत होत नव्हती, कारण काढल्यावर पहिली दहा मिनिटं आदल्या दिवसापेक्षा वाईट जायची. तीन महिने मी रोज नऊ-दहा तास प्लग घालून होते.

हेडफोनवर मी सगळ्यात जास्त पैसे घालवले आणि माझ्या या त्रासासाठी त्यांचाच उपयोग सगळ्यात कमी झाला. दोष त्या वस्तूचा नाही. असे हेडफोन बाहेरचा आवाज मायक्रोफोनने ऐकून त्याची उलटी लहर तयार करतात. ही कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं होतं. एकसारख्या, खालच्या सुरातल्या घरघरीवर हे उत्तम चालतं: विमानाचं इंजिन, फ्रीजचा कॉम्प्रेसर, पंखा. पण मला छळणारे आवाज अचानक येणारे आणि टोकदार. चमचा, खुर्चीचं करकरणं, पिशवीची चुरचुर, कुत्र्याचं भुंकणं. तिथे इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा कानावरच्या गादीचंच काम जास्त असतं. मला तर असंही जाणवलं की पंख्याची घरघर गेल्यावर उरलेल्या शांततेत चमचा अधिकच झोंबतो, कारण त्याला झाकणारं काही राहत नाही. प्रवासात मात्र हे हेडफोन अजूनही वापरते. लांबच्या प्रवासानंतर जो थकवा यायचा तो खरोखर कमी झालाय.

चौथ्या महिन्यात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्याआधी एका तज्ज्ञांनी ऐकण्याची साधी चाचणी घेऊन "कान उत्तम आहेत, सवय करून घ्या" असं सांगून परत पाठवलं होतं. ते वाक्य मला महिनाभर लागून राहिलं. चाचणी खरी होती. पण ती किती हळू आवाज ऐकू येतो ते मोजते, किती मोठा सहन होतो ते नाही. दुसरं मोजमाप वेगळं असतं. आवाज पायरीपायरीने वाढवतात आणि नको वाटला की आपण थांबवायचं. बहुतेकांना ही मर्यादा १०० डेसिबेलच्या आसपास येते. माझी उजवीकडे ६८ आली, डावीकडे ७२. साधं बोलणं ६० च्या जवळपास असतं, म्हणजे माझ्याकडे जागाच उरली नव्हती. तो कागद हातात आला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवल्यासारखं वाटलं. याला हायपरॅक्युसिस म्हणतात, हेही तिथेच कळलं.

त्या बाईंनी दुसरा प्रश्न विचारला: प्लग रोज किती तास? मी सांगितल्यावर त्यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. निरोगी कानांच्या स्वयंसेवकांनी दोन आठवडे इअरप्लग घातले आणि वेगळे दोन आठवडे मंद आवाज सोडणारी यंत्रं. प्लगनंतर तोच आवाज त्यांना पूर्वीपेक्षा मोठा वाटू लागला, यंत्रांनंतर कमी. आवाज कमी पोचू लागला की ऐकण्याची यंत्रणा स्वतःची ताकद वाढवून घेते. माझा डावा कान मी स्वतःच बिघडवत होते. हे ऐकून मला अपराधी वाटलं, पण सुटकाही वाटली, कारण जे वाढतं ते कमीही होऊ शकतं.

प्लग एका दिवसात सोडायचे नाहीत, असं त्यांनी निक्षून सांगितलं. फोमच्या जागी फिल्टरचे प्लग आले. यांत आवाज सगळ्या पट्टीत साधारण सारखाच कमी होतो, त्यामुळे शब्द टिकतात. मीड किलियन यांच्या एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९८८ च्या सुमाराला संगीतकारांसाठी १५ डेसिबेलचे असे प्लग आणले होते. माझे तेवढ्याच ताकदीचे, रबरी, धुता येणारे आहेत. स्वतःचा आवाज यांतही घुमतो, पण कमी. दर आठवड्याला एक तास कमी करत मी नऊवरून दोनवर आले. आता ते डबीत असतात आणि मिक्सर, ड्रिल, मिरवणूक, गर्दीचा हॉल एवढ्यापुरतेच बाहेर येतात. खऱ्या मोठ्या आवाजात कान झाकायलाच हवेत. ८५ डेसिबेलच्या वर तासन्‌तास राहणं कुणाच्याच कानाला झेपत नाही, आणि सराव म्हणून तिथे उघडे कान घेऊन जाऊ नका.

आता साउंड जनरेटर. दिसायला कानामागच्या श्रवणयंत्रासारखा. पातळ नळीतून कानात एक मऊ, भोकं असलेला घुमट जातो. नळी बंद होत नाही, बाहेरचं सगळं ऐकू येतं, त्यावर फक्त सर्व सुरांची मिळून एक मंद सळसळ असते, लांब कुठेतरी पाऊस पडत असल्यासारखी. पहिले दहा दिवस मला ती नको झाली होती. ज्या माणसाला आवाजाचा त्रास आहे त्याच्या कानात आणखी आवाज घालायचा, हे मनाला पटेना. दोनदा काढून ठेवला. मग आवाज इतका खाली नेला की लक्ष दिलं तरच ऐकू यावा, आणि दिवसात दोन तासांपासून सुरुवात केली. सहा तासांवर यायला सात आठवडे लागले. आवाज वाढवताना मी एकदा घाई केली आणि तीन दिवस मागे गेले, तेवढं टाळा.

फरक पडला तो सांगता येईल अशा एका दिवशी नाही. यंत्र लावल्यापासून तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की कुणी खुर्ची ओढली की माझे खांदे वर जात नाहीत. सातव्या महिन्यातल्या मोजणीत मर्यादा ८४ आणि ८८ वर आली होती. माझ्यासाठी मोठी गोष्ट मात्र वेगळी आहे. माझी सहा वर्षांची मुलगी चमचा ठेवताना खाली दुसऱ्या हाताचं बोट धरायची, आवाज होऊ नये म्हणून, आणि काही पडलं की आधी माझ्याकडे बघायची. ते बघणं मला आवाजापेक्षा जास्त दुखायचं. परवा तिने खण धाडकन लावला आणि तशीच पळत गेली.

यंत्राच्या तक्रारी आहेतच. चष्म्याची काडी आणि यंत्र एकाच जागी येतात, संध्याकाळी कानामागे लाल होतं. घामाने नळीत पाणी साचतं, रात्री झटकून ठेवावं लागतं. ३१२ नंबरची बॅटरी आठवडाभर जाते. तिचा कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू दिली तर जास्त चालते.

एक गोष्ट गोंधळू नये म्हणून सांगते. माझ्या दिराला चघळण्याच्या आणि नाक ओढण्याच्या आवाजाने संताप येतो, तो कितीही हळू असला तरी, आणि जवळच्या माणसाचा असेल तर जास्तच. तो मिसोफोनिया, हे नाव मार्गारेट आणि पावेल जास्ट्रेबॉफ या संशोधकांनी २००१ साली दिलं. माझं यंत्र त्याने चार दिवस लावून पाहिलं. जेवणाच्या वेळी थोडं झाकलं गेलं, पण संताप तसाच राहिला. त्याला समुपदेशनाने जास्त फायदा होतोय. आणि ज्यांना आवाजानंतर कान दिवसेंदिवस दुखतो, किंवा स्वतःची बुबुळं फिरल्याचा आवाज ऐकू येतो, त्यांनी यातलं काहीही घेण्याआधी तपासणी करून घ्यावी. दुसऱ्या प्रकारात आतल्या कानाच्या हाडात फट असू शकते. कानाचे डॉक्टर लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये तिचं वर्णन केलं आहे, आणि तिचे उपाय अगदी वेगळे आहेत.

फुगा फुटणं आणि अगदी कानाशी वाजलेला हॉर्न मला अजून झेपत नाही. यंत्राचे तास पुढच्या महिन्यात सहावरून चारवर आणायचे ठरलेत. त्यानंतरची मोजणी झाली की इथेच खाली आकडे लिहीन.