सुनेच्या माहेरचा मूळ पुरुष शोधायला फॅमिलीसर्च वापरलं, त्याचा रिव्ह्यू

नातवाला शाळेत फॅमिली ट्री करायचा होता. आमच्या बाजूचं काय, कुलवृत्तांत उघडला की काम झालं, पण सून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची आणि तिच्या आजीला एवढंच माहीत की मूळ पुरुष आयर्लंडच्या अल्स्टरमधून आला आणि १७४० च्या आसपास स्टॉन्टनजवळ जमीन घेतली. आधी एका पेड साइटवर वर्षाचे पैसे भरले (नाव घेत नाही, उगाच वाद नको) तर तिथे लोकांनी एकमेकांचे वृक्ष कॉपी मारून ठेवलेले, एकात तर आई मुलापेक्षा चार वर्षांनी लहान!! रिफंड पण नाही.

मग फॅमिलीसर्च. मॉर्मन चर्चची (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) साइट आहे, फुकट आहे, फक्त अकाउंट काढायचं. मी सांगतोय ते त्यातल्या फुल टेक्स्ट सर्चबद्दल. २०२४ मध्ये आली ही सोय, जुन्या हस्ताक्षरातली पानं एआयकडून वाचून घेतलीत आणि सुरुवातच अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि वारसांच्या कागदांपासून केली. जुन्या इंडेक्समध्ये विकणारा आणि घेणारा एवढीच नावं, आता साक्षीदार, शेजारी, बायको, पानाच्या पोटात जो असेल तो सापडतो. त्या काळी तिकडे जन्माची सरकारी नोंद नव्हतीच, त्यामुळे कोण कोणाचा मुलगा हे जमिनीवरूनच काढायचं, आपण फेरफार बघून काढतो तसं.

आता थोडं माहीत असेल तरच उपयोग, नाहीतर माझ्यासारखं होईल. ५ शिलिंगला जमीन दिल्याचं खत सापडलं, मी उड्या मारत सुनेला फोन केला, आणि खाली बघतो तर दुसऱ्या दिवशीच्या तारखेचं अजून एक खत, त्यात खरी किंमत. तिकडे पद्धतच तशी होती, आधी नावापुरता भाडेपट्टा आणि दुसऱ्या दिवशी रिलीज (म्हणजे उरलेला हक्क सोडून देणं), दोन्ही मिळून एक व्यवहार. विकणारा विल्यम बेव्हर्ली, ज्याला १७३६ मध्ये १,१८,४९१ एकर मिळाली होती, त्यातलेच तुकडे पाडून विकत होता. दुसरी गंमत काउंटीची, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याची. ऑगस्टा काउंटी जाहीर झाली १७३८ मध्ये पण कोर्ट बसलं १७४५ ला, त्याआधीचे कागद ऑरेंज काउंटीत, आणि १७७८ मध्ये ऑगस्टातून रॉकब्रिज आणि रॉकिंगहॅम निघाल्या. माणूस त्याच शेतात, पत्ता बदलला, ठाण्याचं पालघर झालं तसं.

आमचा माणूस मृत्युपत्र न करता गेला. तेव्हाच्या कायद्याने अशा वेळी सगळी जमीन थोरल्याची (हे १७८७ पर्यंत चाललं), म्हणून वाटणीचा कागदच नाही. मग आडनाव आणि 'एअर ॲट लॉ' (म्हणजे कायद्याने वारस) हे शब्द एकत्र टाकले, आणि आलं वर! थोरल्याने जमीन विकताना लिहिलंय की मी अमक्याचा थोरला मुलगा आणि वारस. त्याच खतात एका बाईने विधवा म्हणून मिळणारा आपला एक तृतीयांश हिस्सा सोडलाय, आडनाव भलतंच. दोन महिने जिला शोधत होतो ती आई, दुसरं लग्न करून बसलेली. सहीच्या जागी नुसती फुली.

आमच्या माणसाच्या मालमत्तेची यादी पण मिळाली. गायी, कुऱ्हाड, बायबल, दोन कढया, आणि घोड्याच्या वरच्या ओळीत एक गुलाम मुलगी, नावासकट, पुढे पौंडात किंमत. व्हिडिओ कॉलवर होतो, सून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली बाबा, हे पान पण सेव्ह करा.

साडेचार स्टार. यंत्राने वाचलेल्यावर जाऊ नका, मूळ फोटो उघडून स्वतः वाचा, आडनाव चार-पाच स्पेलिंगने टाका कारण कारकून कानाला आलं तसं लिहायचे, आणि ज्युनिअर दिसलं की मुलगा धरू नका, पुतण्या पण असतो. सरकारकडून पहिल्यांदा मिळालेल्या जमिनीचे पेटंट बघायचे तर लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या साइटवर १६२३ पासूनचे आहेत, ते पण फुकट.

नातवाने तक्त्यावर त्या मुलीचं नाव लिहिलंय, रेघ कुणाला जोडायची ते मला विचारत होता, मला सांगता आलं नाही. आणि हो, हे मोबाईलवर करू नका, डोळे जातील.