पहिला खिशातला चाकू: ओपिनेल, व्हिक्टोरिनॉक्स की केस?

एका मित्राने विचारलं, "खिशात ठेवायला पहिला चाकू कुठला घेऊ?" मी म्हटलं, आधी आठवडाभर टिपण ठेव, कात्री किंवा सुरी नेमकी कधी आठवली ते. त्याची यादी आली ती अशी: कुरिअरचे चार खोके, तांदळाच्या पोत्याची शिवण, ऑफिसात दोन पेरू, नव्या शर्टाची प्लास्टिकची दोरी, वायरचं एक टोक (हे त्याने दातांनी सोललं), आणि प्लगचा एक सैल स्क्रू, जो त्याने एक रुपयाच्या नाण्याने फिरवायचा प्रयत्न केला.

या यादीत अडीच इंचांहून लांब पातं कुठेच लागत नाही. चाकूचे फोटो बघत बसलं की मात्र हात आपोआप मोठ्या पात्याकडे जातो. माझाही गेला होता.

पारंपरिक चाकू म्हणजे काय, एवढं आधी सांगून टाकतो. पातं मुठीत मिटतं, नखाच्या खाचेत नख घालून दोन्ही हातांनी उघडावं लागतं, मूठ लाकडाची, हाडाची किंवा साध्या धातूची. बटण नाही, खिशाला अडकवायची क्लिप नाही, एका हाताने फटकन उघडणं नाही. कचेरीत टेबलावर पेरू कापताना शेजारचा दचकत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

घेताना लोक पोलाद कुठलं ते विचारतात. मी आधी विचारेन, उघडलेलं पातं उघडं कोण ठेवतं? बहुतेक फरक तिथूनच सुरू होतात.

स्विस व्हिक्टोरिनॉक्स आणि अमेरिकन केस (Case) या दोन कंपन्यांच्या चाकूंत ते काम पाठीमागची पोलादी पट्टी करते. पात्याच्या बुडाशी चौकोनी टाच असते आणि मुठीच्या पाठीतली पट्टी त्या टाचेवर दाबून बसते. उघडताना आणि मिटताना जो "खट्" आवाज येतो तो या पट्टीचा. धारेकडून जोर लावला तर पातं जागचं हलत नाही. पण टोक कशात तरी खुपसलंत किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला, तर ते सरळ बोटांवर मिटतं. त्याला कुलूप नाही. खोक्याला भोक पाडायला टोक खुपसायची सवय असेल तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्या.

ओपिनेलला कुलूप आहे, आणि तेही इतकं साधं की हसू येतं. मुठीच्या गळ्याशी एक खाच असलेलं कडं. पातं उघडा, कडं अंगठ्याने फिरवा, खाच सरकते आणि पातं अडकतं. फ्रान्समधल्या साव्होआ प्रांतात जोसेफ ओपिनेलने हा चाकू १८९० मध्ये काढला, कडं मात्र १९५५ चं. त्याआधीची पासष्ट वर्षं शेतकरी आणि गुराखी तो कड्याशिवायच वापरत होते. आकाराला नंबर आहेत: ६ नंबरचं पातं ७ सेंमी, ७ चं ८, आणि ८ चं साडेआठ. पात्यावर मुकुटाखाली आशीर्वाद देणारा हात कोरलेला असतो.

कापण्यात या तिघांची तुलना करायची तर ओपिनेल पुढे आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. पातं पातळ, मूठ गोल आणि लांब, त्यामुळे मोठ्या हातालाही चार बोटं टेकायला जागा. टोमॅटोची चकती अशी पडते की पलीकडचं दिसावं. वजन म्हणाल तर ८ नंबरसुद्धा पन्नास ग्रॅमच्या आत. किंमतही या तिघांत सर्वांत कमी, म्हणजे हरवला तर जीव तुटत नाही.

मग सगळ्यांनी ओपिनेलच का घेऊ नये? आषाढामुळे. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. दारं-खिडक्या पावसाळ्यात फुगून जशा चौकटीत अडकतात, तशी ही मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं खाचेत घट्ट बसतं. नखाने ओढायला जाल तर नख तुटेल. साव्होआतल्या लोकांची यावरची युक्ती चांगली आहे: कडं मोकळं करून मिटलेल्या चाकूचं बूड टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटायचं, पात्याचं टोक चिमटीत धरण्याइतकं बाहेर येतं. घेतल्या घेतल्या मुठीला जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात दिले तर फुगणं कमी होतं, थांबत नाही. नागपूर, सोलापूरकडे हा प्रश्न नावालाच. रत्नागिरीत किंवा लोकलला लटकत भिजणाऱ्यांसाठी खरा.

ओपिनेल घ्यायचा ठरला तर लगेच दुसरा प्रश्न येतो, कार्बनचं पातं की आयनॉक्स, म्हणजे न गंजणारं. ज्यांच्या घरी लोखंडी विळी होती त्यांना हे समजावून सांगायला नको. विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडायचं आणि फोडींच्या कडाही. कार्बनच्या चाकूचं तेच. माझ्या पहिल्या कार्बनच्या पात्यावर मी कैरी कापली, तेव्हा मिनिटाभरात आधी तेलकट इंद्रधनुषी छटा उतरली, मग जांभळट, आणि संध्याकाळपर्यंत पातं ढगासारखं करडं. फोडीला लोखंडाचा वास. काहींना ही छटाच आवडते, मलाही आवडते, आणि ती चढली की पुढचा लाल गंज थोडा आवरतोही. पण त्याच पात्याला मी एकदा जुलैत ओल्या दप्तरात विसरलो. सोमवारी सकाळी काढलं तर धारेवर मिरीएवढे चार खड्डे. कार्बनला धार लवकर लागते आणि लखलखीत लागते हे खरं. रोज पुसून तेलाचं बोट फिरवणाऱ्यानेच तो घ्यावा. पहिल्या चाकूला मी डोळे मिटून आयनॉक्स सांगतो.

आता व्हिक्टोरिनॉक्स. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाल मुठीचा, क्रॉसवाला येतो. मी सुचवतोय तो त्याचा रुपेरी भाऊ, अ‍ॅलॉक्स मुठीचा: नक्षी उठवलेलं अ‍ॅल्युमिनियम, हाताला बारीक खवल्यांसारखं लागतं, घामाने निसटत नाही आणि पावसाला भीक घालत नाही. कार्ल एल्सनरने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. १९०९ मध्ये आई गेली तेव्हा तिचं व्हिक्टोरिया हे नाव कंपनीला दिलं. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद, म्हणजे "आयनॉक्स" आलं, आणि दोन्ही जोडून आजचं नाव झालं.

अ‍ॅलॉक्समध्ये दोन विचारात घ्या. कॅडेट मिटल्यावर ८४ मिमी, इतका सपाट की शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बसतो. पायोनियर ९३ मिमी, जाडजूड, त्यात चामड्याला भोक पाडायचा टोच्याही येतो. दोन्हींत डबा उघडायचं हत्यार, त्याच्या टोकाला छोटा स्क्रूड्रायव्हर. बाटली उघडायचं हत्यार, त्याच्या टोकाला मोठा, आणि बुडाशी वायर सोलायची खाच. कॅडेटमध्ये टोच्याच्या जागी नखं घासायची कानस. मित्राच्या यादीतले शेवटचे दोन आयटम आठवा. वायर आणि स्क्रू, दोन्हींना ओपिनेलकडे उत्तर नाही. पात्याच्या टोकाने स्क्रू फिरवाल तर टोक मोडेल, आणि ते तुमच्याच हातून मोडलेलं असेल.

कॅडेटचे तोटेही सांगतो. मूठ आखूड, माझ्या पंजात तीन बोटंच मावतात, चौथं हवेत. आंबा कापला की रस पात्यांच्या थरांमध्ये शिरतो आणि दुसऱ्या दिवशी उघडताना चिकट "चर्र" होतं. कोमट पाण्यात उघड-मिट करून धुवा, वाळवा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पोलाद जरा मऊ, धार लवकर उतरते आणि तितक्याच लवकर परत लागते. लाल मुठीचा ९१ मिमीवाला स्पार्टन घेतलात तर दात कोरायची काडी आणि चिमटा मिळतो. त्यातलं बूच काढायचं मळसूत्र आपल्याकडे वर्षातून एकदा लागेल, पण सुतळीची ओली, घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखं दुसरं हत्यार मी पाहिलेलं नाही.

केसचं वेगळंच आहे. हा अमेरिकन चाकू, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावचा. केस बंधूंनी १८८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅलीत सुरुवात केली, आणि १९९३ पासून कंपनी लायटरवाल्या झिप्पोची आहे. इथे हत्यारं नाहीत, फक्त पाती. स्टॉकमन नावाच्या प्रकारात तीन: टोकदार, सरळ धारेचं बोथट टोकाचं, आणि गोल टोकाचं. गुरं राखणाऱ्यांची कामं डोळ्यांसमोर ठेवून केलेली योजना. त्यांचे आकडेही वाचता येतात. ६३१८ म्हणजे ६ नक्षीदार हाडाची मूठ, ३ पाती, १८ हा साचा. पीनट नावाचा चिमुकला प्रकार तर मिटल्यावर तीन इंचसुद्धा नाही.

हातात घेतल्यावर या तिघांत सर्वांत देखणा केसच. हाडाच्या मुठीवर काही वर्षांनी जी झिलई येते ती अ‍ॅल्युमिनियमला येत नाही. पण परदेशातून मागवला की किंमत चढते, आणि प्रत्येक नगाचं बसणं थोडं वेगळं असतं, म्हणून न बघता घेऊ नये असा माझा आग्रह. शिवाय हाडाची मूठ. आमच्या घरी देवापुढची फळं त्याने कापू दिली नसती, आणि मी वादही घातला नसता. लाकडी किंवा कृत्रिम मुठीचे प्रकारही असतात, तेवढं विचारून घ्या. तरी पहिला म्हणून नाही, तिसरा म्हणून घ्या.

जपानी हिगोनोकामीबद्दल थोडक्यात. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, ना पट्टी ना कडं. पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा, तेच कुलूप. मिकी शहरातल्या लोहारांचं हे काम दिसायला फार गोड आहे, जपानात शाळकरी मुलं याने पेन्सिलींना टोक काढत. पण आपल्या घामाने पितळेवर हिरवट कळंक चढतो, हाताला वास येतो. टेबलावर ठेवायला छान.

आणि हो, कुणीतरी रामपुरी सुचवेलच. हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी त्याचं नाव केलं, रामपुरात २०२३ मध्ये त्याची वीस फुटी प्रतिकृती चौकात उभी राहिली, कारागिरीही खरी आहे. पण पेरू कापण्यासाठी तो खिशात घालून फिरणाऱ्याला पोलिसाला काय काय समजावत बसावं लागेल याचा विचार करा.

कायद्याकडे पहिल्या चाकूच्या वेळीच बघावं. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या, घरकाम-शेतीसाठी नसलेल्या सुऱ्या शस्त्रं म्हणून येतात. आपले तिन्ही चाकू त्याच्या खूप खाली. दिल्लीत मात्र १९८० च्या अधिसूचनेत बटणाचे, गरारीचे (दातेरी अडकणीचे) आणि कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघड-मिट होणारे चाकूही धरले आहेत, पातं ७.६२ सेंमी किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंमी किंवा जास्त रुंद असेल तर. तिकडे जाणं-येणं असेल तर ७ आणि ८ नंबरच्या फंदात पडू नका. महाराष्ट्रात सण, मोर्चे, निवडणुकांच्या काळात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू घरी. विमानात केबिनमध्ये तर नाहीच. लंडनला शिकायला निघालेल्या भाच्याला भेट द्यायचा असेल तर तिथला नियम उलट बाजूने चावतो: ३ इंचांपर्यंतचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो, कुलूपवाला नाही. म्हणजे ओपिनेलचं ते सुरक्षित कडंच तिथे अडचण, कॅडेट चालतो.

धारेबद्दल एकच कळकळीची विनंती. सायकलवर चाक लावून दारावर येणाऱ्याकडे हा चाकू देऊ नका. मी दिला होता. ठिणग्यांचा पाऊस पडला, धारेची कड निळी झाली, आणि पात्याचं पोट आत गेल्यासारखं दिसू लागलं. निळं पडलं म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून जाईपर्यंत धार टिकत नाही. हजार नंबरचा, पाणी लावून घासायचा धारेचा एक दगड घ्या, पात्याची पाठ दगडापासून दोन नाण्यांइतकी उचला, आणि दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात. त्यात ओपिनेल शिकाऊ हातालाही साथ देतो.

तर भिजणारे, घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्या करणारे आणि प्रवास करणारे असाल तर कॅडेट. हात मोठा असेल किंवा टोच्या लागत असेल तर पायोनियर. डबा, फळं, ट्रेकवरची काकडी, हेच मुख्य काम असेल तर ६ किंवा ७ नंबरचा आयनॉक्स ओपिनेल, आणि जवसाचं तेल त्याच दिवशी. दोन्ही घेतले तरी दुसऱ्या कंपनीच्या एका मोठ्या चाकूपेक्षा फार जड पडत नाहीत.

मित्राने कॅडेट घेतला. वायर आता दातांनी सोलत नाही. पेरू मात्र अजून माझ्या ओपिनेलने कापून घेतो.