पुणे मेट्रो का मुंबई मेट्रो: फोटोसाठी एकच दिवस असेल तर साताऱ्याने कुठं जावं, सांगलीने कुठं

उत्तर आधीच सांगून टाकतो. साताऱ्यात राहत असाल तर पुणे, सांगली-मिरजेकडचे असाल तर मुंबई. उलटं वाटतं ना? सांगलीवाल्याला मुंबई अजून लांब, मग तो पुणं ओलांडून पुढं कशाला जाईल. मला पण असंच वाटायचं, पण माझा मावसभाऊ सांगलीत विश्रामबागला असतो, आम्ही दोघंही लहानपणापासून गाड्यांचे येडे, त्याच्याबरोबर दोन्हीकडं जाऊन आलो तेव्हा कळलं की यात किलोमीटर मोजायचे नसतात, झोप मोजायची असते.

सगळा खेळ महालक्ष्मी एक्सप्रेसचा आहे. कोल्हापूरहून रात्री निघते, सांगलीला दहाच्या आसपास येते, बर्थवर आडवं व्हायचं आणि सकाळी सातच्या पुढंमागं दादर नाहीतर सीएसएमटीला डोळे चोळत उतरायचं. येताना तीच गाडी साडेआठच्या सुमाराला सीएसएमटीहून सुटते आणि पहाटे पाचच्या सुमाराला सांगलीत सोडते. म्हणजे दोन रात्री गाडीत, अख्खा दिवस हातात, लॉजचा खर्च शून्य. हीच गाडी पुण्याला उतरायची म्हटली तर पहाटे तीन-साडेतीनला उतरवते आणि मेट्रो सुरू होते सहाला, मग अडीच-तीन तास पुणे स्टेशनवर डास मारत बसा. वंदे भारतने जावं तर ती पुण्यात दुपारी दीडला टेकते आणि सव्वादोनला परत फिरते, त्यात बसायला छान आहे पण फोटोच्या दिवसाला काही कामाची नाही. एसटीने सांगली ते स्वारगेट सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, जाऊन येऊन नऊ-दहा तास सीटवर, उजेडाचा चांगला भाग सगळा हायवेवर संपतो.

आता साताऱ्याचं बघा. तीच महालक्ष्मी आपल्याकडं जाताना मध्यरात्रीनंतर आणि येताना पहाटे अडीच-तीनला. आणि सातारा स्टेशन म्हणजे गावात नाही, माहुलीकडं बाहेर, त्या वेळेला रिक्षा मिळाली तर मिळाली. मी एकदा असा उतरलोय, थंडीत, खांद्यावर बॅग, हातात ट्रायपॉड, आणि जो एक रिक्षावाला होता त्याने माझ्याकडं आणि ट्रायपॉडकडं बघून जो भाव सांगितला तो इथं लिहीत नाही. त्यापेक्षा पहाटे पाचची स्वारगेट गाडी पकडा, खंबाटकीत डुलकी घ्या, आठच्या आत स्वारगेट. आणि स्वारगेटचं मेट्रो स्टेशन एसटी स्टँडला लागूनच आहे, एसटीतनं उतरायचं आणि सरळ जमिनीखाली जायचं. ही सोय २९ सप्टेंबर २०२४ पासूनची, त्याआधी स्वारगेटला उतरून मेट्रो गाठायला आधी पीएमटी नाहीतर रिक्षा करावी लागायची.

पुण्यात बघायचं काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण फोटोच्या बाबतीत मला पुणं जास्त आवडतं हे लपवण्यात अर्थ नाही. दोन लाईन आहेत, पर्पल म्हणजे पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिका) ते स्वारगेट आणि ॲक्वा म्हणजे वनाज ते रामवाडी. दोन्ही सिव्हिल कोर्टाला एकमेकींना भेटतात, ॲक्वा वर पुलावर आणि पर्पल खाली जवळजवळ ३३ मीटर खोल. तिथले सरकते जिने एकामागून एक उतरत राहतात, वरून खाली बघून एक फोटो काढाच, वाईड लेन्स असेल तर भारी येतो. गंमत म्हणजे मुठा नदी एक लाईन वरून बघते आणि दुसरी तिच्या खालून बोगद्यातनं जाते.

खरा माल आहे तो डेक्कन ते महापालिका या पट्ट्यात. तिथं ॲक्वा लाईनचे खांब नदीच्या पात्रात काठाकाठाने गेलेत आणि संभाजी उद्यान आणि डेक्कन ही दोन स्टेशनं मावळ्यांच्या पगडीच्या आकाराची केलीत. पेठांच्या बाजूने, म्हणजे नदीच्या अलीकडं उभं राहिलात तर सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि गाडीच्या अंगावर पडतं, साडेआठ-नऊपर्यंत रंग एकदम चोख. संध्याकाळी त्याच जागेवर उलटं, सूर्य समोर, मग गाडी काळी आणि आभाळ तांबडं, तो फोटो वेगळा. झेड ब्रिजवरून पण मेट्रो चांगली दिसते, फक्त तिथं संध्याकाळी टू-व्हीलर लावून बसलेल्या जोडप्यांच्या मधे कॅमेरा घेऊन उभं राहायचं म्हणजे सगळे तुमच्याकडंच संशयाने बघतात, सकाळी जा. खाली भिडे पूल आहे, पावसाळ्यात खडकवासल्यातनं पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो, तेव्हा वर धावती मेट्रो आणि खाली लाल पाणी असा फोटो मिळतो पण काठावर शहाणपणा करू नका.

दुसरी जागा कासारवाडी-नाशिक फाटा. इथं मेट्रो, पुणे-मुंबई रेल्वे आणि हायवे शेजारीशेजारी चालतात, वरतून नाशिक फाट्याचा तो दोन मजली उड्डाणपूल. लोणावळा लोकल आणि मेट्रो एका फ्रेममध्ये पकडायची असेल तर हीच जागा, अर्थात दोघी एकाच वेळी येतील याची गॅरंटी नाही, मी दीड तास उभा राहून दोनदा जमवलंय आणि त्यातल्या एकात मधे टँकर आला. तिथनं परत येताना दापोडी-बोपोडीच्या मधे हॅरिस ब्रिजपाशी मुळा ओलांडते ती खिडकीतनंच बघा, उतरू नका, वेळ जातो. वनाज डेपोसाठी पण मुद्दाम जाऊ नका, बाहेरून भिंत दिसते.

पुण्याचं दुखणं एकच, गाड्या सगळ्या सारख्या. तीन डब्यांच्या, टिटागढ कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या गाड्या, सुरवातीच्या काही इटलीत बनल्या आणि बाकीच्या पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला. ज्याला वहीत नंबर टिपायचेत, वेगवेगळ्या गाड्या बघायच्यात त्याला तासाभरात कंटाळा येईल. भावाला आलाच. तो नंबर टिपणाऱ्यांतला, मी फोटो काढणाऱ्यांतला, आणि तुम्ही यातले कोण हे आधी ठरवा कारण त्यावर निम्मा निर्णय होतो.

त्याच्यासाठी मुंबई म्हणजे जत्रा. मेट्रो वन वर्सोवा ते घाटकोपर, ८ जून २०१४ ला सुरू झाली, चार डब्यांच्या चिनी गाड्या. टू ए आणि सेव्हन ह्या दहिसरला भेटणाऱ्या दोन लाईन, त्यांवर बीईएमएल कंपनीच्या सहा डब्यांच्या. आणि थ्री म्हणजे आरे ते कफ परेड, आठ डब्यांच्या अल्स्टॉम कंपनीच्या गाड्या, आंध्रात श्रीसिटीला बनलेल्या. एका दिवसात तीन जातीच्या मेट्रो, वर लोकल फुकट बघायला. आमचा मार्ग असा होता: सीएसएमटीला उतरून चहा मारला, स्टेशनसमोरच मेट्रो थ्री धरली (हा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला), मरोळ नाक्याला बदलून मेट्रो वनवर आलो, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला उतरलो, मग अंधेरी, मग डी एन नगरला परत बदलून टू ए ने दहिसर, तिथनं सेव्हनने गुंदवली, आणि गुंदवली म्हणजे परत मेट्रो वनच्या दारात. पूर्ण फेरी बसते. शेवटी अंधेरीहून लोकलने दादर आणि दादरला महालक्ष्मी.

पण फोटो? इथं मुंबई मार खाते. थ्री च्या २७ स्टेशनांपैकी २६ जमिनीखाली, आणि प्लॅटफॉर्मच्या कडेला खालपासून वरपर्यंत काचेचे दरवाजे, गाडी आली की तुम्हाला दिसतो काचेत तुमचाच चेहरा आणि मागचा जाहिरातीचा बोर्ड. सुरक्षेला उत्तमच आहे, पण फोटोवाल्याने करायचं काय. लेन्स काचेला टेकवून काहीतरी येतं, त्याला मी फोटो म्हणणार नाही. टू ए आणि सेव्हनला अर्ध्या उंचीचे दरवाजे, त्यावरून कॅमेरा धरता येतो पण गाडीचा खालचा भाग कापला जातो. पुण्यात वरच्या स्टेशनांना असं काही आड येत नाही, प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन वळणावरून येणारी गाडी पूर्ण मिळते, म्हणून मी म्हणतो फोटोला पुणं.

मुंबईत दोन जागा मात्र पुण्याला पण नाहीत. एक अंधेरी, जिथं मेट्रो वन पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून लोखंडी पुलावर जाते, खाली लोकल, वर मेट्रो, आणि गर्दीच्या वेळेला लोकल इतक्या धडाधड येतात की कासारवाडीसारखं दीड तास थांबावं लागत नाही, दहा मिनिटांत दोन्ही एका फ्रेममध्ये. दुसरी वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरचा केबलचा पूल. तिथं खाली उतरून थोडं चालत लांब गेलं तरच पूर्ण पूल बसतो. गर्दी, घाम, आणि मार्च-एप्रिलनंतर ते पांढरट आभाळ, हे सगळं धरून चाला. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा, दोन्ही शहरांसाठी हेच.

पैशाचं थोडक्यात. पुण्यात एका प्रवासाचं सगळ्यात महाग तिकीट ३५ रुपयांचं, आणि दिवसभर कितीही चढा-उतरा असा १०० रुपयांचा पास मिळतो, आपल्यासारख्या दर दोन स्टेशनांना उतरणाऱ्या माणसाला तोच परवडतो. मुंबईत मेट्रो वन जास्तीत जास्त ४०, थ्री जास्तीत जास्त ७०, आणि वन, थ्री आणि टू ए-सेव्हन या तिन्ही चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यामुळं उतरलं की परत तिकीट असं होत होत खिसा हलका होतो. तरी पण सांगलीवाल्याचा रेल्वेचा स्लीपर धरूनही फार जात नाही.

कॅमेऱ्याबद्दल चार गोष्टी, दोन्हीकडं लागू. गाडीच्या कपाळावरचा एलईडी बोर्ड, म्हणजे कुठं जाणार ते लिहिलेलं असतं तो, फास्ट शटरला अर्धाच येतो, शब्द तुटतात. शटर १/१२५ सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा, गाडी थांबत आली असेल तेव्हा काढा, वाचता येतो. खाली जमिनीतल्या स्टेशनात आयएसओ (कॅमेरा उजेड किती पकडतो ते सेटिंग) १६०० ते ३२०० शिवाय पर्याय नाही, आणि हेडलाईटमुळं कॅमेरा फसतो, एक्सपोजर थोडं खाली ओढा. फ्लॅश बंद म्हणजे बंद, ड्रायव्हरच्या डोळ्यावर जातो. ट्रायपॉड घरी ठेवा, मी शिकलोय. एका स्टेशनवर, कुठल्या ते राहू द्या, मी नुसता ट्रायपॉड उघडला तर सिक्युरिटीच्या माणसाने येऊन वीस मिनिटं प्रश्न विचारले, कुठून आला, कशाला, कुठल्या चॅनेलचे, आणि मी सातारहून फक्त मेट्रो बघायला आलोय यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. मोबाईल किंवा छोट्या कॅमेऱ्याने प्रवाशासारखं काढत राहिलं तर सहसा कोण काही बोलत नाही, नको म्हणाले तर सॉरी म्हणून ठेवून द्यायचा, हुज्जत घालायची नाही. ड्रोनचा तर विषयच काढू नका. आणि रेल्वेच्या रुळात उतरून फोटो काढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, रीलवाल्या पोरांना हे कोणीतरी सांगा.

नागपूरचं पण एकाने विचारलं होतं. तिथं वर्धा रोडला खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा दुमजली प्रकार सव्वातीन किलोमीटरच्या आसपास आहे, बघण्यासारखाच आहे, पण आपल्याकडनं एका दिवसात होत नाही. सोडा.

आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही, सुट्टी नाही की पैसे नाहीत, त्याने मिरज जंक्शनला जाऊन बसावं. मेट्रो नाही, कबूल, पण पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारी दिशांना रूळ जातात, आणि एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही गेज, म्हणजे रुळांची तीन वेगवेगळी रुंदी, एकाच स्टेशनात होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी जलदूत इथूनच सुटली, पहिल्या फेरीला १० वॅगनमध्ये पाच लाख लिटर. भावाकडं त्या वॅगनचे फोटो आहेत, साध्या फोनवर काढलेले, थोडे हललेले, आणि त्याच्या सगळ्या मुंबईच्या फोटोंपेक्षा मला तेच मागावेसे वाटतात पण देत नाही.

माझा स्वतःचा पुढचा बेत जानेवारीतला रविवार, पहाटे पाचची स्वारगेट. सकाळी डेक्कनची नदी, दुपारी उन्हात खाली सिव्हिल कोर्ट, चारनंतर कासारवाडी आणि अंधार पडायच्या आत परत झेड ब्रिज. रात्रीच्या शेवटच्या सातारा गाडीची वेळ मात्र सकाळी उतरल्या उतरल्याच स्टँडवर विचारून ठेवायची, कारण संध्याकाळी चांगला उजेड मिळाला की पाय निघत नाही आणि मागच्या वेळी मी शिरवळपर्यंत उभा आलोय.