डेबऱ्या हातासाठी पिस्तुलाचं कव्हर

फौजदार झाल्यापासून गावी गेले की मारुतीच्या पारावर पहिला प्रश्न ठरलेला. "पिस्तूल कोन्तं घेतलं वं मंग?" जशी काही मी चार दुकानं फिरले, भाव केला आणि एक बांधून आणलं. मामाचा पोरगा मोबाइलवर फोटो काढूनच बसलेला असतो: ताई, ग्लॉक घे. धाकट्या काकांना कुठून तरी 'निर्भीक' कळलं होतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून काढलेलं .32 चं रिव्हॉल्व्हर, टायटॅनियमचं, अर्ध्या किलोचं, सहा गोळ्यांचं. तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. "तेच घे, पर्समंदी मावते."

आता एकदाच लिहून टाकते. आपल्याकडे नवीन फौजदार पिस्तूल निवडत नाही. मुख्यालयाच्या कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात जायचं, कोत हवालदार रजिस्टर पुढे सरकवतात, मुठीवरचा बट नंबर वाचून दाखवतात, गोळ्या मोजून देतात, आपण सही करायची. झालं. 9 एमएम हा बोअर, म्हणजे नळीचं माप, तर सामान्य माणसाला खाजगी लायसन्सवर मिळत नाही, तो प्रतिबंधित. त्यामुळे काकांचं 'निर्भीक' वेगळं आणि माझ्या कमरेचं वेगळं.

माझ्या वाट्याला आलं ते इच्छापूरचं 9 एमएम 1ए. गंमत बघा, आपल्या विदर्भात अंबाझरी, भंडारा, भद्रावती असे तीन-तीन ऑर्डनन्स कारखाने, आणि पिस्तूल येतं ते थेट पश्चिम बंगालातून. मुळात हे ब्राउनिंग हाय-पॉवरचं भावंड, बेल्जियममध्ये 1935 साली आलेल्या पिस्तुलाचं. सगळं पोलादी, मॅगझिनमध्ये 13 गोळ्या, रिकामंच नऊशे ग्रॅमच्या आसपास. ग्लॉक 17 मी नाशिकला ट्रेनिंगमध्ये एकदाच हातात धरून बघितलं. ते सव्वासहाशे ग्रॅमचं, प्लास्टिकच्या अंगाचं, 17 गोळ्यांचं, बाहेर सेफ्टीची खुंटीच नाही. हातात घेतल्यावर खेळण्यातलं वाटलं, खोटं का बोलू.

तर जुनं 1ए वाईट नाही. मूठ माझ्या लहान पंजात नीट बसते, लोखंडाच्या वजनामुळे धक्का हाताला कमी जाणवतो, चांदमारीवर निशाणाही बरा लागतो. खोलणं-जोडणं दोन दिवसात बोटांना पाठ झालं. पण एक खोडी आहे. हात थोडा वर सरकला की मागे येणारा हॅमर, म्हणजे घोडा, अंगठ्याच्या बेचक्यात चिमटा काढतो. पहिल्या आठवड्यात माझ्या तिथे जोंधळ्याएवढा फोड होता. उस्तादांना दाखवला तर म्हणाले, पिस्तुलाने तुम्हाला ओळख दिली मॅडम.

दुसरी अडचण पिस्तुलाची नाही, माझी. मी डेबरी, म्हणजे डावखुरी. घास उजव्या हाताने घेते, तो आजीने चिमटे काढून शिकवला म्हणून. बाकी लिहिणं, विळा, दगड मारणं सगळं डावीने. आणि या पिस्तुलाची सेफ्टीची खुंटी फक्त डाव्या बाजूला. उजवा माणूस अंगठ्याने सहज खाली दाबतो. मला अंगठा हॅमरच्या मागून फिरवून पलीकडे न्यावा लागतो, नाहीतर पहिल्या बोटाने दाबावी लागते. मॅगझिन सोडायचं बटनही तिकडेच, पण ते मात्र डेबऱ्या माणसाला सोपं: पहिलं बोट नेमकं त्यावर जातं. देव एका हाताने घेतो ते असं दुसऱ्या हाताने देतो.

पिस्तूल बदलून मिळणार नव्हतं. बदलता येण्यासारखं होतं ते कव्हर. होल्स्टर म्हणा, आमच्याकडे सगळे कव्हरच म्हणतात. आणि हा लेख खरं तर कव्हराचाच आहे.

पहिलं कव्हर मी एका वर्दीसामानाच्या दुकानातून घेतलं. नाव लिहीत नाही, अशी दुकानं प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असतात: शिट्टी, टोपी, नेमप्लेट, लाल बूट, रेनकोट, सगळं एका छताखाली. कव्हर काळ्या जाड नायलॉनचं, साडेतीनशे रुपये. डाव्या हाताचं मागितलं तर दुकानदार हसला. "मॅडम, डाव्या हाताचं कोण घेते? हेच डावीकडे लावा, तेच होते."

तेच होत नाही. उजव्या हाताचं कव्हर डाव्या कमरेला लावलं की मूठ पुढच्या बाजूला येते आणि डाव्या हाताने ओढायचं म्हणजे मनगट उलटं पिरगाळायचं. पट्टीचं टिचबटन नेमकं पोटाकडे, म्हणजे उघडायला दोन बोटं आत घालायची. शिवाय पिस्तूल काढलं की कव्हराचं तोंड मिटतं, रिकाम्या पिशवीसारखं. परत घालताना एका हाताने तोंड उघडून धरायचं आणि दुसऱ्याने नळी आत सोडायची. म्हणजे नळी काही क्षण स्वतःच्याच हाताकडे. नाशिकला हे कुणी करताना दिसलं असतं तर त्याला मैदानाचे फेरे मोजायला लावले असते.

तरी दोन महिने वापरलं. कारण नवीन माणूस तक्रार करत नाही.

मग रेतीवाली रात्र आली. नदीपात्रातून विनारॉयल्टी रेती भरून ट्रॅक्टर निघाल्याची खबर होती. आम्ही चौघं. जीप थांबायच्या आत मी उडी मारली, काठाच्या बेशरमाच्या झुडपात पाय अडकला, आणि मांडीवर काहीतरी टणकन आपटलं. मला वाटलं दगड मारला कुणी. बघते तर टिचबटन उघडलेलं आणि पिस्तूल लॅनयार्डला, म्हणजे ते बेल्टला बांधून ठेवणाऱ्या दोरीला लोंबकळून गुडघ्यावर घंटेसारखं आपटतंय. चेंबरमध्ये गोळी नव्हती, दोरी पक्की होती, म्हणून आज हे लिहिते आहे. ट्रॅक्टर सापडला, ड्रायव्हर कपाशीच्या पराटीत पळाला. मी रात्रभर एकच हिशेब करत राहिले: ती दोरी नसती आणि पिस्तूल त्या पाण्यात गेलं असतं तर? सरकारी हत्यार हरवणं म्हणजे चौकशी, आणि ती आयुष्यभर नावापुढे. हवालदार काका जीपमध्ये एवढंच बोलले, "मॅडम, साडेतीनशे वाचवाले गेलो अन् नोकरी जात होती."

त्यांनीच पत्ता दिला. तालुक्याच्या बसस्टँडमागे, सायकल दुकानाच्या शेजारी, टिनाच्या शेडमध्ये बसणारे एक म्हातारे कारागीर. बैलांचे पट्टे, घुंगराच्या माळा, चपला, पाण्याच्या मोटेचं चामडं जोडण्यात हयात गेलेली. पाटी नाही. पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्याकडे जायचं नाही, हा पहिला सल्ला, कारण तेव्हा ते फक्त बैलांचे असतात.

मी साध्या कपड्यात गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बरोबर: "हत्यार कुठं हाय? मापावर बसवा लागन." आता सरकारी पिस्तूल कारागिराच्या पाटावर ठेवून येता येत नाही, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग लाकडाचं आणा.

कोतमध्ये गेले, परवानगी घेतली, मॅगझिन काढलं, चेंबर हवालदारांना दाखवलं, आणि वर्तमानपत्रावर पिस्तूल आडवं ठेवून पेन्सिलीने खाका काढला. लांबी वीतभरही नाही. जाडी दोऱ्याने तीन ठिकाणी मोजली, स्लाइडवर (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग), मुठीवर, खुंटीपाशी. कोत हवालदार चष्म्यावरून बघत म्हणाले, "तीस वर्षांत इथं पिस्तुलाचं ब्लाउज शिवताना पहिल्यांदा पाह्यलं." आमच्या गावच्या सुताराने त्या खाक्यावरून सागाच्या तुकड्यातून पिस्तूल कोरलं, दीडशे रुपयात. त्याला एकच गोष्ट निक्षून सांगितली होती: ट्रिगरभोवतीची पोकळी कोरायची नाही, भरीव ठेवायची. पोकळ ठेवली तर ओलं चामडं तिथे आत दबतं, तसंच सुकतं, आणि पुढे पिस्तूल घालताना ट्रिगरवर येतं. त्याने ऐकलं. खुंटीचा उंचवटाही काढला, आपणहून.

कारागीर काकांचं काम मी दीड तास समोर बसून बघितलं. म्हशीचं चामडं, बाभळीच्या सालीत कमावलेलं, रापीने एका दमात कापलं. ते कोमट पाण्यात बुडवलं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग ओलं चामडं सागाच्या पिस्तुलावर गुंडाळून हाडाच्या तुकड्याने घासत बसवत गेले. स्लाइडची धार, ट्रिगरभोवतीच्या गार्डचा गोल, खुंटीची गाठ, एकेक करून चामड्यातून वर यायला लागली. चुलीजवळ सुकवायचं नाही म्हणाले, तडकते. सावलीत दोन दिवस. शिलाई आरीने भोक पाडून दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याने. मशीन शेजारीच होतं. "मशीनचा एक टाका तुटला का सारी रांग उसवते. हाताची नाही उसवत."

एक चूक झाली आणि ती सांगितली पाहिजे. पहिल्या वेळी त्यांनी ट्रिगरपाशी चामडं अर्धचंद्रासारखं कापून मोकळं ठेवलं. "बोट पटकन जाते, पिच्चरमंदी असते तसं." त्यासाठीच तर बंद पाहिजे, मी म्हणाले. कव्हरात असताना ट्रिगरला बोट, काडी, जॅकेटची नाडी, काहीच लागता कामा नये. काका जरा रुसले. पण दुसरा तुकडा कापला आणि चामड्याचे जादा पैसे घेतले नाहीत.

एकूण चौदाशे रुपये. नऊ दिवसांत देतो म्हणाले, एकवीस दिवस लागले. मध्ये लग्न, मग ताप, मग लाइट नाही (हाताने शिवणाऱ्याला लाइट कशाला, हे मी विचारलं नाही).

आता आठ महिन्यांचा अनुभव. मूठ मागे, थोडी पुढे कललेली, डावा हात खाली जातो तिथेच सापडते. पिस्तूल काढलं तरी तोंड उघडंच राहतं, त्यामुळे न बघता, एका हाताने परत जातं. पट्टी अंगठ्याने बाहेरच्या बाजूला ढकलली की उघडते. धावताना, जीपमधून उतरताना एकदाही आपोआप उघडली नाही. बेल्टची पकड घट्ट आहे, कव्हर कमरेवर हलत नाही. अंगाकडच्या बाजूला त्यांनी चामडं वरपर्यंत घेतलं होतं, ते का हे मे महिन्यात कळलं. पारा 45 ला, बंदोबस्त उन्हात, वर्दीवर मिठाचे पांढरे नकाशे. तो घाम चामड्याने प्यायला, पिस्तुलापर्यंत गेला नाही. उजव्या कमरेला नायलॉन लावणाऱ्या माझ्या बॅचमेटच्या स्लाइडवर मात्र तांबूस ठिपके आले.

पावसाळ्यात हेच चामडं शत्रू. ओलं झालं की आठवडाभर ओलच धरून ठेवतं, आणि लोखंड त्यात राहिलं तर गंजणारच. म्हणून ड्यूटी संपली की पिस्तूल कव्हरातून बाहेर, चिंधी, तेलाचा हलका हात, आणि कव्हर वेगळं खुंटीला. कव्हरासकट ठेवून देणारे मी बघितलेत. त्यांची स्लाइड उघडताना किरकिरते. काकांनी मेण आणि तिळाचं तेल मिसळून एक डबी दिली होती. ती महिन्यातून एकदाच लावायची. मी उत्साहात दर आठवड्याला लावली तर चामडं नरम पडायला लागलं आणि मला शिव्या बसल्या.

उणीव सांगायची तर दोन. नवीन असताना इतकं घट्ट होतं की पहिला महिना घरी सागाच्या पिस्तुलावर रोज शंभर वेळा काढ-घाल करावी लागली. आई दारातून बघून म्हणायची, "काय व्हय हे, दळण घालते का?" आणि रंग. साहेबांच्या बेल्टशी जुळणारा तपकिरी सांगितला होता, आला तो गुळाच्या ढेपेसारखा. पहिल्या परेडला विचारणा झाली. आता वापरून काळवंडला आहे, कुणी विचारत नाही.

कुणाला करून घ्यायचं असेल तर लाकडी नमुना स्वतःचा न्या. माझा आता काकांनी ठेवून घेतला आहे, पण तो 1ए च्याच मापाचा आहे आणि शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. त्यांच्या नातवाने त्याची नळी एकदा बैलाला टोचली म्हणून उंच टांगला. उजव्या हाताची दोन कव्हरं आमच्याच ठाण्यातून त्यांच्याकडे गेली आहेत, त्यातलं एक अजून आलेलं नाही. माझं टिचबटन पावसाने हिरवट पडलंय, पितळेचं टाकून देतो म्हणालेत. बुधवारी बोलावलंय. कोणत्या बुधवारी ते सांगितलं नाही.