पहिलीच्या वर्गातील बोलण्याची वीस मिनिटे: परिपाठ, जोडीगप्पा की चित्रगप्पा?

ठाणे-नवी मुंबई परिसरातील घणसोली, तुर्भे किंवा दिवा येथील पहिलीच्या वर्गात आगरी, मराठी आणि हिंदी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत साक्षरता अभियानाने २०२१ पासून मौखिक भाषाविकास हा साक्षरतेचाच घटक मानला असला, तरी त्यासाठी वेळापत्रकातून जेमतेम वीस मिनिटे निघतात. ती कशी वापरावीत, हे ठरवणाऱ्या शिक्षकांसाठी ही तुलना.

परिपाठात सुविचार किंवा बातमी सांगताना मुलांना धीटपणा येतो, हा खरा लाभ आहे. परंतु पटावर चाळीस मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते आणि तेही बहुधा पाच-सहा चुणचुणीत मुलेच घेतात; शिवाय पाठ केलेले वाक्य म्हणून दाखवणे म्हणजे बोलणे नव्हे.

जोडीगप्पांत एकाच वेळी वीस मुले बोलतात, म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतात. गलका होतो आणि सगळ्यांचे ऐकता येत नाही, हे मान्य. मात्र रोज पाच मुलांजवळ बसले, तर आठ दिवसांत सगळा वर्ग ऐकून होतो.

चित्रगप्पांसाठी सात-आठ मुलांचा गट आणि ओळखीचे चित्र पुरते. मी पाहिलेल्या एका वर्गात दिवाळे गावच्या मासळी बाजाराचे चित्र होते. परिपाठात तोंड न उघडणारी मुलगी एकदम म्हणाली, “म्हावरा!” बाईंनी शब्द खोडला नाही. “हो, म्हावरा, मासळी. तुझी आई कोणती आणते?” असे विचारून त्या थांबल्या. बराच वेळ गेला, आणि मग खाडीच्या चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) कशा उड्या मारतात, हे तिने हातवारे करत सांगितले. ते थांबणेच मोलाचे होते. प्रश्नानंतर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबल्यास मुलांची उत्तरे लांबतात, असे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवले होते.

म्हणून माझा कौल असा: रोज एका गटाशी चित्रगप्पा कराव्यात, त्याच वेळी उरलेल्या वर्गाने त्याच चित्रावर जोडीने बोलावे, आणि परिपाठ त्याच्या जागी, सकाळी, राहू द्यावा. घरची बोली किंवा हिंदी मध्ये आली तर येऊ द्यावी. जे मूल मधल्या सुट्टीत सवंगड्यांशीही बोलत नाही, त्याच्यासाठी मात्र यांपैकी एकही उपक्रम पुरेसा नाही. त्याच्या पालकांशी बोलून आधी कानांची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा त्या मुलाचे नाव आवर्जून पुढे करावे.